दर पन्नास दिवसांनी मुका होणारा ड्रायव्हर: ओव्हरफ्लो कसा पकडायचा आणि कसा बुजवायचा

ड्रायव्हर म्हणजे उपकरणाशी बोलणारा प्रोग्रामचा भाग. ओव्हरफ्लो म्हणजे ठरलेल्या बिटांत आकडा न मावणं. लक्षण असं. मीटर वाचणारा छोटा कंट्रोलर बोर्ड महिना-दीड महिना बिनतक्रार चालतो. मग एके दिवशी मीटरची रीडिंग येणं थांबतं. बाकी सगळं जिवंत असतं: एलईडी लुकलुकतोय, नेटवर्कवरून पिंगला उत्तर येतंय, लॉगमध्ये एरर एकही नाही. साइटवरचा माणूस वीज बंद-चालू करतो, रीडिंग सुरू होतात, तक्रार बंद. दीड महिन्याने पुन्हा तोच फोन: "साहेब, परत तेच झालंय."

आमच्याकडे हे एका पाणीपुरवठा योजनेच्या पंपघरात घडत होतं. बारा बोर्ड, सगळे एकाच यूपीएसवर, आरएस-४८५च्या (एकाच तारेवर अनेक उपकरणं जोडायची पद्धत) तारेवरून दाब आणि प्रवाहाचे मीटर वाचणारे. बंद पडायचे तीन-चारच आणि दर वेळी वेगळे. त्यामुळे संशय अर्थातच हार्डवेअरवर. केबल बदलली, टोकाचे १२० ओहमचे रेझिस्टर तपासले, अर्थिंग नव्याने केलं, एकदा पॉवर सप्लायही बदलला. गंमत म्हणजे प्रत्येक उपाय लागू पडला! पडणारच, कारण प्रत्येक उपायासाठी बोर्ड बंद करावा लागत होता.

शेवटी धागा मिळाला तो पंपघरातल्या ऑपरेटर मामांच्या वहीत. मामा रीडिंग बंद दिसली की मेन एमसीबी पाडून उचलत आणि तारीख-वेळ लिहून ठेवत. ६ जानेवारी, सकाळी साडेनऊ. २५ फेब्रुवारी, सकाळी आठ. १६ एप्रिल, सकाळी. मधलं अंतर पन्नास दिवस, पुन्हा पन्नास दिवस. सर्व्हरवर पाहिलं तर फेब्रुवारीतलं शेवटचं रीडिंग २५ तारखेच्या पहाटे २ वाजून ३२ मिनिटांचं. म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून ४९ दिवस, १७ तास आणि वर दोन मिनिटं. हा आकडा ज्याने आधी पाहिला आहे त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. ३२ बिटांच्या काउंटरमध्ये मिलिसेकंद मोजले तर तो ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंदांनी भरतो, म्हणजे ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटं, ४७ सेकंदांनी. मग जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यांसारखा सगळ्या नवांवरून सगळ्या शून्यांवर येतो.

आधी भागाकार, मग डीबगर

परत-परत येणारा बिघाड असेल तर सर्वांत आधी बोर्ड किती वेळ चालू होता ते शोधा. त्या आकड्यावरूनच बहुतेक वेळा कुठला व्हेरिएबल फुटला ते कळतं. ४९.७ दिवस म्हणजे अनसाइन्ड (ऋण आकडे न धरणारा) ३२ बिट आणि मिलिसेकंद. त्याच्या निम्म्यावर, साधारण २४.८ दिवसांनी काही बिघडत असेल तर तीच गोष्ट साइन्ड (ऋण आकडेही धरणारी) आहे. ७१ मिनिटं ३५ सेकंद म्हणजे ३२ बिटांत मायक्रोसेकंद. ६५.५ सेकंद म्हणजे १६ बिटांत मिलिसेकंद. १८ तास १२ मिनिटं म्हणजे १६ बिटांत सेकंद. २४८ दिवस असतील तर कोणीतरी सेकंदाचा शंभरावा भाग साइन्ड ३२ बिटांत मोजतोय.

शेवटचा आकडा मजेदार आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने बोइंग ७८७ विमानांसाठी आदेश काढला होता: २४८ दिवस सलग वीजपुरवठा चालू राहिला तर जनरेटर नियंत्रकांमधला एक काउंटर ओव्हरफ्लो होतो आणि सगळे नियंत्रक एकाच वेळी सुरक्षित अवस्थेत जाऊन विमानाची वीज जाऊ शकते. विंडोज ९५ चा ४९.७ दिवसांचा हँगही याच घराण्यातला. लिनक्सच्या एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरवरच्या) कर्नलमध्येही, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातही, २०८ दिवसांचा एक बग होऊन गेला. तिथे काउंटर ६४ बिटांचाच होता, पण नॅनोसेकंद काढताना आधी गुणाकार आणि मग १० बिट उजवीकडे सरकवणं (शिफ्ट) होतं, त्यामुळे प्रत्यक्षात ५४ बिटच हाती उरत होते. ६४ बिट घेतले म्हणजे सुटलो, असं समजणाऱ्यांसाठी हे उदाहरण मी नेहमी जवळ ठेवतो.

वेळेऐवजी डेटाशी संबंध असेल तरी भागाकार तोच. एक गिगाबिटच्या पोर्टवर बाइट मोजणारा ३२ बिटांचा काउंटर पूर्ण वेगात सुमारे ३४ सेकंदांत फिरतो. मॉनिटरिंग दर मिनिटाला तो वाचत असेल तर ग्राफ खोटा आहे. एवढंच.

नेमकं काय घडत होतं

कोड देवनागरीत लिहितो, तुमच्या ड्रायव्हरमधली नावं तुम्ही घाला. 'आत्ता' हा मिलिसेकंदांचा ३२ बिटांचा अनसाइन्ड काउंटर.

जर (आत्ता >= पुढची_वेळ) {
  मीटर_वाच();
  पुढची_वेळ = आत्ता + २००;
}

दिसायला निष्पाप. या लूपची एक फेरी १५० मिलिसेकंदांची होती, कारण त्याच तारेवर एक संथ मीटरही होता. म्हणजे मीटर वाचल्यावर पहिली तपासणी १५० वर (अजून वेळ झालेली नाही), दुसरी ३०० वर (वेळ होऊन १०० मिलिसेकंद उलटून गेलेत). आता समजा पुढची_वेळ ४२९४९६७२४० आहे. तपासणी १०० मिलिसेकंद उशिरा येते. तेवढ्यात काउंटर फिरलेला असतो आणि आत्ता = ४४. चव्वेचाळीस हे चार अब्जांहून मोठं आहे का? नाही. पुढच्या फेरीतही नाही. पुढचे एकोणपन्नास दिवस नाही. ड्रायव्हर अडकलेला नाही, क्रॅश झालेला नाही. तो शिस्तीत वेळ व्हायची वाट बघतोय. म्हणून लॉग कोरा.

आणि सगळे बोर्ड का बंद पडत नव्हते, तेही यातच आहे. ३०० मिलिसेकंदांच्या चक्रात धोक्याचा पट्टा १०० चा. काउंटर नेमका त्या पट्ट्यात फिरला तरच बोर्ड मुका होतो, म्हणजे तीनात एक. बारातले चार. उरलेल्यांपैकी एखाद्यात पुढची_वेळच आधी फिरून लहान होते आणि मीटर एकदा वेळेआधी वाचला जातो. त्याची दाद-फिर्याद कोणी करत नाही. मामा सगळे बोर्ड एकदम चालू करत असल्यामुळे सगळ्यांचे काउंटर एकत्र फिरायचे. नाहीतर हा बग वर्षभर सापडला नसता.

दुरुस्ती

घड्याळात रात्री अकराला झोपून दोनला जाग आली तर आपण उणे नऊ तास झोपलो असं म्हणत नाही, तीन तास म्हणतो. काउंटरशीही असंच वागायचं. दोन वेळांची थेट तुलना करायची नाही, आधी वजाबाकी करायची आणि उत्तराकडे बघायचं.

जर ((साइन्ड३२)(आत्ता - पुढची_वेळ) >= ०)

४४ वजा ४२९४९६७२४० हे ३२ बिटांत बरोबर १०० येतं. अट एकच: दोन वेळांमधलं अंतर २४.८ दिवसांपेक्षा कमी हवं. सुरुवातीची वेळ साठवून (आत्ता - सुरुवात) >= २०० असं लिहिलं तर साइन्ड कास्टही (प्रकार बदलणंही) लागत नाही आणि मर्यादा पूर्ण ४९ दिवसांची मिळते. मला हेच जास्त आवडतं, वाचणाऱ्याला डोकं खाजवावं लागत नाही. लिनक्स कर्नलमध्ये असाल तर जिफीजची (कर्नलच्या वेळ मोजणाऱ्या काउंटरची) तुलना हाताने करूच नका, टाइम-आफ्टर आणि टाइम-बिफोर हे मॅक्रो याच वजाबाकीसाठी आहेत.

आता खाचखळगे. पहिला खळगा मी स्वतः पडून पाहिलेला आहे. काउंटर १६ बिटांचा असेल तर वरची युक्ती ३२ बिटांच्या प्रोसेसरवर फसते. आत्ता = ५, आधी = ६५५३०. उत्तर ११ यायला हवं. पण सी भाषा इंटपेक्षा (नेहमीच्या पूर्णांक प्रकारापेक्षा) लहान प्रकार गणिताआधी इंटमध्ये बदलते, त्यामुळे वजाबाकी होते उणे ६५५२५, आणि १०० झाले का अशी तपासणी असेल तर ती कधीच खरी ठरत नाही. उत्तर पुन्हा १६ बिटांच्या अनसाइन्डमध्ये कास्ट केलं की ११ मिळतात. हाच कोड एव्हीआर चिपवर कास्टशिवाय वर्षानुवर्षं बरोबर चालतो, कारण तिथे इंटच १६ बिटांचा. ३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर पोर्ट केला की फुटतो, आणि पोर्ट करणारा म्हणतो, "मी तर एक ओळही बदलली नाही."

दुसरा खळगा हार्डवेअरचा. रजिस्टर ३२ बिटांचं असलं म्हणजे आतला काउंटर ३२ बिटांचा असतोच असं नाही. कॉर्टेक्स-एम प्रोसेसरमधला सिसटिक हा टायमर २४ बिटांचा आहे, शिवाय तो उलटा मोजतो. ७२ मेगाहर्ट्झवर तो पूर्ण २४ बिट वापरूनही पाव सेकंदाच्या आत संपतो. अशा वेळी आधीच्यातून आत्ताचं वजा करायचं आणि उत्तर २४ बिटांच्या मास्कमधून काढायचं (खालचे २४ बिटच ठेवायचे). हेही तो पूर्ण २४ बिटांवर रीलोड होत असेल तरच खरं. ६४ बिटांचा काउंटर दोन ३२ बिटांच्या रजिस्टरांत वाचायचा असेल तर वरचा अर्धा, खालचा अर्धा, पुन्हा वरचा अर्धा असं वाचा. वरचा बदललेला दिसला तर परत वाचा.

गुणाकार: काउंटरपेक्षा लबाड

काउंटर निदान तारखा तरी देतो. गुणाकार तेवढंही करत नाही. १६ बिटांच्या एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या सर्किटचं) रीडिंग मायक्रोव्होल्टमध्ये बदलायचं आहे, संदर्भ व्होल्टेज अडीच व्होल्ट:

मायक्रोव्होल्ट = रीडिंग * २५००००० / ६५५३६

रीडिंग १७१७ असताना उत्तर ६५४९८ येतं, बरोबर. १७१८ ला गुणाकार ४२९५०००००० होतो, ३२ बिटांत मावत नाही, शिल्लक राहतात ३२७०४, आणि भागाकारानंतर उत्तर शून्य. टेबलावर आपण लहान सिग्नल देऊन तपासतो, सगळं छान दिसतं. साइटवर ६५ मिलिव्होल्ट ओलांडले की ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा होतो आणि सगळे सेन्सरला शिव्या देतात.

दुरुस्ती म्हणजे गुणाकाराच्या आधी एक बाजू ६४ बिटांची करणं. आधी, हे महत्त्वाचं. (अनसाइन्ड६४)(रीडिंग * २५०००००) असं लिहिलेलं मी रिव्ह्यूमध्ये इतक्या वेळा पाहिलंय की आता कंसाकडे हात आपोआप जातो. आत गुणाकार ३२ बिटांतच होऊन गेलेला असतो, नंतर रुंद भांड्यात ओतून सांडलेलं परत येत नाही.

कर्नलमध्ये यापुढे अजून एक गंमत होते. ३२ बिटांच्या एआरएमवर ६४ बिटांचा भागाकार साध्या तिरक्या रेघेने केला तर लिंकर (कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्राम) एक अनोळखी फंक्शन सापडत नाही म्हणून ओरडतो. घाईतला माणूस तो ओरडा थांबवायला कास्ट परत ३२ बिटांचा करतो. लिंकर गप्प, बग परत. खरा उपाय म्हणजे डिव्ह-यू६४ हे फंक्शन; आणि इथे भाजक ६५५३६ असल्यामुळे १६ बिटांचं शिफ्ट केलं तरी भागतं.

पीडब्ल्यूएमच्या (चालू-बंद पल्सनी मोटर वगैरे चालवण्याच्या) ड्रायव्हरमध्ये हेच नॅनोसेकंद गुणिले क्लॉकच्या हर्ट्झ असं दिसतं. २० मिलिसेकंदांचा पीरियड आणि २४ मेगाहर्ट्झचं क्लॉक: दोन कोटी गुणिले दोन कोटी चाळीस लाख. अनसाइन्ड लाँग ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा, ३२ बिटांच्यावर ३२ चा. तोच ड्रायव्हर एका बोर्डावर चालतो, दुसऱ्यावर सर्वो मोटर थरथरते. रुंदी प्लॅटफॉर्मवर सोडू नका, प्रकाराच्या नावातच ३२ की ६४ ते लिहा.

बाइट जोडतानाचा सापळा थोडक्यात सांगतो. डिव्हाइसकडून आलेला चौथा बाइट २०० आहे, तो २४ बिट डावीकडे सरकवून ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला. बाइटचा आधी साइन्ड इंट झाला, सरकवल्यावर तो ऋण झाला, आणि ६४ बिटांत पसरताना वरचे सगळे बिट एकने भरले: ३३५५४४३२०० च्या जागी १८४४६७४४०७२७७००२७५२०. बाइट १२८ च्या खाली असेपर्यंत काहीच दिसत नाही. सरकवण्याआधी अनसाइन्ड३२ मध्ये कास्ट करा, किंवा कर्नलमधलं गेट-अनअलाइन्ड-एलई३२ वापरा.

बाहेरून आलेला आकडा

इथवरचे बग त्रास देत होते. हा घरफोडी करू देतो. आयओसीटीएलमधून (ड्रायव्हरला थेट आज्ञा देण्याच्या कॉलमधून) यूजर म्हणतो, मला १६ बाइटच्या २६८४३५४५७ नोंदी पाठवायच्या आहेत. ३२ बिटांत गुणाकार होतो ४२९४९६७३१२, म्हणजे उरतात १६. ड्रायव्हर सोळा बाइट मेमरी घेतो आणि त्यात सव्वीस कोटींहून जास्त नोंदी लिहायला बसतो. पहिली नोंद मावते. दुसरीपासून शेजाऱ्याचं घर.

केमॅलॉक हे कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन; त्याच्या कंसात गुणाकार दिसला की तो काढा. केमॅलॉक-अ‍ॅरे आणि केकॅलॉक ओव्हरफ्लो तपासून नल (म्हणजे 'मेमरी नाही') देतात. शेवटी अ‍ॅरे असलेल्या स्ट्रक्चरसाठी स्ट्रक्ट-साइझ आहे, तो ओव्हरफ्लो झाला की शक्य तितका मोठा आकडा देतो, म्हणजे मेमरी मिळतच नाही आणि तेच हवं असतं. २०१८ मध्ये कर्नल ४.१८ च्या वेळी कर्नलभर ड्रायव्हरांमध्ये हे बदल केले गेले, त्यामुळे जुन्या कर्नलवरून उचललेला ड्रायव्हर असेल तर आधी हेच शोधा. कर्नलबाहेर असाल तर जीसीसी कंपायलरच्या ५ व्या आवृत्तीपासून ओव्हरफ्लो सांगणारी अंगभूत फंक्शन्स आहेत आणि सी भाषेच्या सी२३ मानकात त्यांना प्रमाण रूप मिळालंय.

मर्यादा तपासणारी ओळ स्वतःच फुटते, त्याचंही एक उदाहरण. बफर ४०९६ बाइटचा, तपासणी अशी: ऑफसेट + लांबी > ४०९६ असेल तर परत पाठव. यूजरने ऑफसेट दिला ४२९४९६७०४०, लांबी ५१२. बेरीज फिरून २५६ येते. पहारेकरी म्हणतो, जा आत. बेरीज करूच नये: लांबी ४०९६ पेक्षा मोठी असेल तर परत, नाहीतर ऑफसेट (४०९६ - लांबी) पेक्षा मोठा असेल तर परत. सगळी गणितं आपल्या ओळखीच्या आकड्यांवर होतात.

साइन्ड आकड्यांवर "बेरीज केल्यावर लहान झाला का" अशी तपासणी तर लिहूच नका. साइन्ड ओव्हरफ्लो सी मध्ये अनिर्धारित आहे, कंपायलर असं धरून चालतो की तो होतच नाही, आणि ऑप्टिमायझेशन चालू केलं की तपासणीच उडवून टाकू शकतो. लिनक्स कर्नल हे बंद करणारा पर्याय देऊनच कंपाइल होतो. तुमच्या फर्मवेअरच्या मेकफाइलमध्ये तो आहे का, बघा. आमच्यात नव्हता.

पन्नास दिवस थांबायचं नाही

लिनक्सवाल्यांची एक युक्ती चोरण्यासारखी आहे. जिफीज शून्यापासून सुरू होतच नाहीत, ते उणे पाच मिनिटांपासून सुरू होतात. ३२ बिटांचा काउंटर बूटनंतर पाच मिनिटांनी फिरतो, म्हणजे वेळेची चुकीची तुलना ग्राहकाकडे नाही, लिहिणाऱ्याच्या टेबलावर फुटते. आमच्या टिकची सुरुवातीची किंमत आम्ही ४२९४६६७२९६ केली, तीही फक्त चाचणीत नव्हे, ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्येही. जुना कोड या किमतीने चालवला तेव्हा टेबलावरच्या सहा बोर्डांपैकी दोन पाच मिनिटांनी गप्प झाले. चार महिने केबल बदलत होतो, त्याची ही पाच मिनिटं.

कर्नलमध्ये यूबीसॅन (अनिर्धारित वागणूक पकडणारं तपासणीचं साधन) चालू करून चाचणी घ्या. पण गैरसमज नको: अनसाइन्डचं फिरणं भाषेत वैध असल्यामुळे वरचा काउंटरचा बग तो दाखवणार नाही. मेमरीच्या बाहेर लिहिणं केसॅन हे दुसरं साधन पकडतं. साइन्ड-अनसाइन्ड तुलना आणि रुंदी कमी होणारे रूपांतर यांच्या वॉर्निंग चालू केल्या की पहिल्या दिवशी शेकड्यांनी येतील. वेळ, लांबी आणि गुणाकार असलेल्या ओळी आधी घ्या.

नवीन फर्मवेअर लगेच चढवता येत नसेल, तर ठरवून रीस्टार्ट करण्यात कमीपणा नाही. बोइंगच्या त्या आदेशातही तात्पुरता उपाय तोच होता: १२० दिवसांच्या आत एकदा वीज पूर्ण बंद करा. पंपघरात आम्ही पॅच चढेपर्यंत दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी रीस्टार्ट ठेवला, पंप बंद असतात त्या वेळेत. एकच जादा काम मामांना सांगितलं: एमसीबी पाडायच्या आधी स्क्रीनवर बोर्ड किती दिवस, किती तास चालू आहे ते वहीत उतरवायचं.